न रंगवलेली चौकट

बदलापूर गावातलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा विकणाऱ्या काकांनी एकच अट घातली, तीही कागदावर नाही, तोंडी. किल्ल्यांचा जुडगा माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवत ते म्हणाले, "घर आता तुमचं. भिंती पाडा, फरशी बदला, हवा तो रंग लावा. फक्त स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आहे ना, तिच्या डाव्या बाजूला ब्रश लावू नका. आम्ही लावला नाही. आमच्या आधीच्यांनीही लावला नव्हता."

"का हो काका?" मी विचारलं.

"पोरांच्या उंच्या आहेत त्यावर," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. मग रिक्षा आली आणि ते गेले. ते अंबरनाथच्या सरकारी फॅक्टरीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, बायको आधीच गेलेली, आता पुण्याला मुलाकडे राहायला निघालेले. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते वारल्याचं कळलं. नंतर मला त्यांना विचारायचं खूप होतं, पण तोवर उशीर झाला होता.

घर म्हणजे काही राजवाडा नाही. चार खोल्या, पुढे ओटा, वर मंगलोरी कौलं. आजूबाजूला सगळीकडे टॉवर उभे राहिले, हे मात्र राहिलं, कारण अर्ध्या अंगणावर रस्तारुंदीची रेघ पडली आहे आणि कुठल्याही बिल्डरला त्यात रस नाही. म्हणून तर आमच्यासारख्या दोन नोकऱ्यांवाल्यांना ते परवडलं. कागदपत्रं बघताना घराचा सगळा इतिहास हाताला लागला. बांधलं मुंबईच्या एका पारशी शेठजीने, हवापालटासाठी. त्याच्याकडून घेतलं उल्हासनगरच्या एका सिंधी कुटुंबाने. त्यांच्याकडून काकांनी, आणि काकांकडून आम्ही. म्हणजे आम्ही चौथे. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. माझा जन्म फॅक्टरीच्या क्वार्टर्समधला, तिथे घराला इतिहास नसतो, नंबर असतो.

आम्ही वास्तुशांत वगैरे करत नाही. भन्तेजी आले, परित्राण पाठ झाला, पांढऱ्या सुताचा धागा सगळ्या खोल्यांमधून फिरवला, खीर वाटली, संपलं. माझे वडील फॅक्टरीत फिटर होते आणि घरात भुताखेताचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. आम्ही लहानपणी अंधाराला घाबरलो की ते म्हणायचे, "भूत बघायचंय? सकाळी केस न विंचरता आरशासमोर उभी राहा." अशा माणसाची मी मुलगी. शिवाय माझं काम मोजण्याचं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, समोर लोखंडाचे तुकडे. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी तुकडा बाजूला काढायचा, हा माझा धंदा. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कुणीतरी हसणार आहे, आणि त्याने निदान हे लक्षात ठेवून हसावं.

सुरुवात रंगाऱ्याने केली. आमच्या सूचनेप्रमाणे त्याने ती डावी बाजू सोडून बाकी चौकट रंगवली. दुपारी तिथेच भिंतीला टेकून डबा खाता खाता तो वर बघत होता. म्हणाला, "मॅडम, हितं सगळी पोरं एवढ्यावरच थांबली काय?"

"म्हणजे?"

"हे बघा ना. पारशाची लाइन, सिंधीची लाइन, साहेबांची लाइन. सगळी हितंच खतम."

मी तोवर त्या रेघांकडे नीट पाहिलंच नव्हतं. लाकूड सागवानी, हात लागून लागून काळपट झालेलं. खालचा भाग एका पुरात भिजला होता, त्यामुळे अगदी लहानपणीच्या रेघा पुसल्या गेलेल्या. उरल्या होत्या त्या गुडघ्याच्या वरच्या. सगळ्यांत जुन्या रेघांशेजारी गुजराती आकडे, मग उजवीकडून डावीकडे लिहिलेली सिंधी अक्षरं, दोन मुलांची, मग काकांच्या नातवाची मराठी आद्याक्षरं. प्रत्येकाच्या रेघा दोन-दोन, तीन-तीन बोटांच्या अंतराने वर चढत आलेल्या आणि माझ्या खांद्याच्या जरा खाली येऊन थांबलेल्या. पारशी मुलाची शेवटची रेघ बाकीच्यांपेक्षा जाड होती, पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवल्यासारखी. तिच्या वर कोरं लाकूड. कुणाचीही एकही रेघ नाही.

रंगारी डबा धुवायला गेला. मी पर्समधून टेप काढला आणि मोजलं. चारही मुलं चार फूट दोन इंचांच्या आसपास थांबली होती. सगळ्यांत खालची आणि सगळ्यांत वरची शेवटची रेघ यांत एका इंचाचाही फरक नव्हता.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

नवऱ्याला रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं तर तो म्हणाला, "मग चांगलंय की. युनिफॉर्म एकदाच शिवायचा." त्याचा स्वभावच तसा, कशाचीही थट्टा. पण मी हट्टाला पेटले. म्हटलं, आपण आपल्या पोरीच्या रेघा काढायच्या आणि त्या सगळ्यांच्या वर न्यायच्या, म्हणजे विषय मिटेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चौकटीला पाठ लावून तिला उभी करायची, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरायचं, पेन्सिलने रेघ. पहिलं वर्ष मजेत गेलं. तिला ते खेळासारखं वाटायचं. ती त्या मुलांना नावं ठेवायला लागली. पारशी मुलगा 'जाड्या', कारण त्याची रेघ जाड. सिंधी दोघांत एक मुलगी, एक मुलगा असं तिनेच ठरवलं, 'मोठी' आणि 'छोटा'. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि चौकटीपाशी बसून डब्यात उरलेलं खायची. एकदा मी भाजी चिरत होते तर मागून तिचा आवाज आला, "मी आता छोट्याच्या कानापर्यंत आले." मी वळून पाहिलं. ती माझ्याशी बोलत नव्हती.

मला तेव्हा अंगावर काटा आला, हे खरं आहे. पश्चिमेच्या खिडकीतून चारच्या सुमाराला ऊन येतं ते बरोबर त्या न रंगवलेल्या पट्टीवर पडतं. बाकीचं घर ऑइल पेंटने चकाचक, आणि मध्ये ती एक काळी उघडी पट्टी, त्यावर रेघा, आणि पुढ्यात बसलेली माझी पोरगी. तिथून जाताना मी आवाज खाली आणायला लागले होते, आजारी माणसाच्या खोलीपाशी आणतो तसा.

समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला मी सहज म्हणून विचारलं. तो इथलाच, तीन पिढ्यांचा. पट्टा थांबवून म्हणाला, "पारशाचा ना? त्याचा पोरगा हितंच गेला असं आजा सांगायचा. छातीचा आजार. म्हून तर हवेला आणलेला. सिंध्यांचं काय म्हायती नाय, ते एका महिन्यात घर सोडून गेले, कुनाला सांगितलंसुदिक नाय." मी दळण न घेताच परत आले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नवऱ्यासमोर रडले. स्वयंपाकघरात, दार लोटून. म्हटलं, या रेघेच्या वर कुणीच गेलेलं नाही, एक तर मेलाच, बाकीच्यांचं काय झालं ठाऊक नाही, आणि आपली आता दोन बोटांवर आली आहे. तो आधी हसला, मग हसला नाही. म्हणाला, "अगं, तू व्हर्नियर घेऊन फिरणारी बाई. चार रेघांना काय घाबरतेस?" मला माझाच राग आला. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी ब्रश आणून दहा मिनिटांत ती पट्टी रंगवली असती. मीही एकदा रंगाचा डबा उघडला होता. पण काकांना हो म्हटलं होतं आणि काका आता नव्हते. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द कुणाकडून सोडवून घ्यायचा? डबा परत बंद केला.

पाडव्यानंतर ती वाढायची थांबली.

एप्रिलची रेघ मार्चच्या रेघेवरच आली. मे महिन्यातही तिथेच. मी पेन्सिल बदलली, पुस्तकाऐवजी कंपनीतून गुण्या आणला, त्यावर पाण्याची लेव्हल ठेवली, तिच्या टाचा बघितल्या, टेकलेल्या होत्या. तीन-तीनदा मोजायचे. ती समोरच्या भिंतीकडे बघत गप्प उभी राहायची, पूर्वीसारखी बडबड नाही. जूनमध्येही तीच रेघ. पारशी मुलाच्या जाड रेघेच्या एक बोट खाली, आणि एकावर एक काढल्यामुळे आमचीही रेघ जाड होत चाललेली.

मग शाळेचं आरोग्य कार्ड घरी आलं. त्यात उंचीच्या रकान्यात चार फूट तीन इंच. मी दोनदा वाचलं. शाळेच्या मापात पोरगी त्या सगळ्या मुलांच्या पुढे गेली होती आणि घरच्या चौकटीवर त्यांच्या खालीच होती. आमच्याकडे एका तुकड्याची दोन मापं आली की आधी मोजणाऱ्याची चूक धरतात. मी टेप घेतला, तिला चौकटीपाशी उभं करून पुन्हा मोजलं. चार फूट दीड इंच. नवरा म्हणाला, शाळेतले लोक काहीही लिहितात. मी मान डोलावली, पण त्या रात्री मला एवढंच वाटत राहिलं की ही बाहेर वाढते आणि या घरात वाढत नाही. हे वाक्य मनात आलं आणि मी स्वतःला घाबरले. डॉक्टरकडे न्यावं तर काय सांगणार होते? की चौकट हिला वर जाऊ देत नाही?

जुन्या खरेदीखताच्या झेरॉक्सवर सिंधी कुटुंबाचा पत्ता होता, उल्हासनगर, कॅम्प नंबर दोन. एका शनिवारी हाफ डे टाकला आणि विठ्ठलवाडीला उतरून रिक्षा केली. पत्त्यावर आता फर्निचरचं दुकान होतं. बाहेर रस्त्यापर्यंत लोखंडी कपाटं, आत पॉलिशचा वास. काउंटरमागे पांढऱ्या केसांचा एक माणूस बसला होता. मी बदलापूरच्या घराचं नाव काढलं तसा तो उठून उभा राहिला. उठतच राहिला. सहा फुटांच्या वर असेल, मागच्या कपाटाच्या वरच्या फळीला त्याचं डोकं लागत होतं.

"चौकट?" त्याने विचारलं. मी अजून चौकटीचं बोललेही नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बैठो, बेटी. मराठी येतं मला, शाळा तिकडेच केली." त्याने पोऱ्याला चहा सांगितला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तुमच्या आधी ते फॅक्टरीवाले साहेब होते ना, त्यांची मिसेस आली होती. इथेच बसली होती. हेच विचारायला. नातवाची उंची तिथे पोचली होती."

मी विचारलं, "त्या रेघांतली तुमची कुठली?"

"छोटी वाली. मोठी माझी बहीण, एकच वर्षाने मोठी, तेव्हा उंचीला आम्ही सारखेच होतो. ती कल्याणला असते, दोन पोरांची आजी आहे." तो हसला. "आमचं काय झालं विचारता ना? काही नाही झालं. अम्माला कोणी तरी बोललं, पारशाचा बच्चा या लाइनवर गेला. अम्माने त्या दिवसापासून मोजायचं बंद केलं. बस. लाइन तिथे थांबली, मी नाही थांबलो. मग अम्माचं मन लागेना, बाबांच्या मागे लागून घर विकलं. जाताना बाबांना बोलली, रंग लावू नका सांगा, पारशाच्या बच्चाची निशाणी आहे, आपल्या हाताने पुसायची नाही."

"आणि साहेबांचा नातू?"

"तो? त्याच्या लग्नाचं कपाट माझ्याकडूनच गेलं. माझ्याएवढाच उंच. मिसेसना मी हेच सगळं सांगितलं होतं, जे तुम्हाला सांगतो. खूश झाली, चहा प्यायली, गेली."

पण नातवाची पुढची रेघ चौकटीवर नव्हती. म्हणजे त्या बाईंनी सगळं ऐकलं, जिवंत माणूस डोळ्यांनी पाहिला, आणि घरी जाऊन मोजणं बंदच केलं. मी ते बोलून दाखवलं. त्याने पोऱ्याला कपबशी उचलायला सांगितली.

"आणि तो पारशी मुलगा?" मी शेवटी विचारलं. "तो खरंच गेला?"

"किसको मालूम. अम्मा मुंबईला त्यांच्या घरी गेली होती विचारायला. ताला लगा था. आम्ही पण ऐकलंच आहे, तुमच्यासारखं."

निघताना तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला. माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा करून म्हणाला, "बच्ची ठीक राहील. पण बेटी, एक बोलू? मोजू नको. आमच्या घरात आजही कुणी कुणाला मोजत नाही. नातवंडं आहेत मला चार. क्या जरूरत है?"

साठीचा, सहा फुटी, धडधाकट माणूस भर दुपारी मला हे सांगत होता. मी नमस्कार केला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर हसूही येत होतं आणि संतापही. एका बाईने भिऊन पेन्सिल ठेवली, ते पाहून दुसरी भ्याली, तिचं पाहून मी. रेघा मुलांच्या नव्हत्याच, आयांच्या होत्या. परतीच्या लोकलमध्ये मी ठरवलं की आज मोजायचं, आणि जे येईल ते नवऱ्यासमोर मोठ्याने वाचायचं.

घरी पोचले तेव्हा साडेचार झाले असतील. नवरा अजून यायचा होता. मुलगी ओट्यावर गृहपाठ करत बसली होती, अंगात घोळदार लांब मॅक्सी. उन्हाळ्यापासून घरात तिला तीच लागायची, पायांपर्यंत लोळणारी. मी चपलाही न काढता म्हटलं, "चल, मोजूया."

"आज रविवार कुठाय?"

"असू दे. चल."

ती उठली, आली, चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मी पुस्तक धरलं. तीच रेघ. अगदी तीच, पारशी मुलाच्या एक बोट खाली. दुकानात जे जे कळलं होतं ते सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून उडालं. ऊन बरोबर तिच्या कपाळावर होतं आणि ती समोर बघत होती, डोळे मिटत नव्हती.

मी पुस्तक खाली ठेवलं आणि तिच्यापुढे फरशीवर बसले. तिला सांगितलं, कारण मला कुणाला तरी सांगायचंच होतं. म्हटलं, आज मी तुझ्या छोट्याला भेटून आले. तो म्हातारा झालाय आणि कपाटाएवढा उंच आहे. मोठी आजी झाली आहे. साहेबआजोबांच्या नातवाचं लग्न झालं. कुणालाही काहीही झालं नाही. त्यांच्या आया घाबरल्या आणि त्यांनी मोजायचं सोडून दिलं, एवढंच. जाड्याचं कुणालाच ठाऊक नाही, पण बाकी सगळे वर गेले, खूप वर.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नक्की?"

"नक्की. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग आता मी सरळ उभी राहू?"

मला कळलं नाही. ती चौकटीला टेकलेलीच होती. तिने पाठ तशीच चौकटीला टेकवून गुडघे सरळ केले आणि मॅक्सीची कड फरशीवरून उचलली जाऊन घोट्यांपर्यंत आली. तिचं डोकं आमच्या जाड रेघेच्या वर गेलं, जाड्याच्या वर, मोठीच्या आणि छोट्याच्या आणि नातवाच्या वर, कोऱ्या लाकडापर्यंत.

"कधीपासून?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"पाडव्यापासून. तू स्वयंपाकघरात पप्पांना सांगत होतीस ना, की या रेघेच्या वर कुणी गेलं नाही. तू रडत होतीस." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी वर गेले असते तर तू अजून रडली असतीस."

मी तिला जवळ ओढलं. तिचे गुडघे माझ्या हातात आले, हाडकुळे, नऊ वर्षांच्या पोरीचे असतात तसे. त्या गुण्याचं आणि लेव्हलचं आणि तीन-तीनदा मोजण्याचं आठवून मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"दुखायचं नाही का गं?" मी विचारलं.

"तू पटकन मोजायचीस तेव्हा नाही दुखायचं," ती म्हणाली.